अवघड जागा

फेब्रुवारी. विल्यान्दी गावात दिवस
पावणेपाचलाच दुकान बंद करतो.
हेल्वे तळघरात उतरते.
बटाट्यांची पेटी, बिटाच्या बरण्या, आणि मधोमध
मागचं चाक शिकंज्यात धरलेली सायकल,
दावणीच्या घोडीसारखी निमूट.

बत्तीस वर्षं हिनं शाळेची बस चालवली.
बसणं हाच धंदा.
बर्फावर घसरता रस्ता, मागे चाळीस पोरं,
खाली फाटकं रेक्झिन,
पण बुडानं कधी ब्र काढला नाही.

आता मे महिन्यात तळ्याला वळसा घालायचाय,
निवृत्त चालकांच्या टोळीबरोबर.
म्हणून हे रोजचं: दीड तास,
जागच्या जागी.

विसाव्या मिनिटाला मुंग्या येतात.
तिसाव्याला मुंग्यांना दात येतात.
चाळिसाव्याला उरतो
तळहाताएवढा एक प्रदेश,
जिथं सगळीच्या सगळी हेल्वे
गोळा होऊन जळते.

बाहेर असती तर खड्ड्यानं उचललं असतं,
वळणानं कलतं केलं असतं,
उतार म्हणाला असता, बाई, पाय सोड, जरा ऊठ.
इथं समोर भिंत, भिंतीवर
ओलीचा डाग.
तीनशे किलोमीटर झाले,
डाग तेवढाच लांब.

मग तिनं खोगीरभरती केली.
गादीची चड्डी, तिच्यावर दुसरी,
जेलचं कव्हर, त्यावर मेंढीचं कातडं.
जितकं मऊ,
तितकं खोल रुतलं दुखणं.

सांगायचं कुणाला?
जावई फिजिओथेरपिस्ट आहे.
निम्म्या गावाच्या कंबरा त्याच्या हाताखालून जातात.
पण दुखणं हे असं
आणि नातं ते तसं.

रविवारी ती खिडकीशी उभ्यानंच सूप प्यायली.
“आई, बस ना,” पिरेत म्हणाली.
“आयुष्यभर बसलेच की.”
उर्मो काही बोलला नाही.
राईच्या पावाला लोणी लावत राहिला,
कडेपर्यंत, नीट.

निघताना मात्र त्यानं
टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापला,
लाकडी स्टुलावर ठेवला,
आणि छताकडे बघत म्हणाला,
“यावर मिनिटभर बसा. गुडघे जरा वर.
मी गाडीवरचा बर्फ खरवडून येतो.”

दोन खळगे उमटले.
त्यानं पुठ्ठा दिव्याखाली तिरका धरला,
पट्टी लावली,
जंगलात कुठल्या प्राण्याची पावलं मोजावीत तसा गंभीर.
“एकशे बेचाळीस मिलिमीटर.
तुमची सीट अरुंद आहे. तुमची काही चूक नाही.”

चूक नाही.
हे वाक्य तिनं खाली नेलं
आणि बरण्यांच्या रांगेत ठेवलं.

नवी सीट रुंद, मध्ये चर असलेली.
तिचं नाक केसभर खाली.
सायकलीखाली फळी, फळीखाली
अर्धे कापलेले टेनिसचे चेंडू,
त्यामुळे घोडी आता थोडी डुलते.
आणि दर दहा मिनिटांनी उभं राहायचं,
उर्मोनं बजावलंय, घड्याळ लावून.

घड्याळ तिनं लावलं नाही.
तिच्याकडे थांबे आहेत.
गिरणी. ऊठ.
तीन भावंडं चढतात, धाकट्याचा बूट सुटलेला.
बस.
चर्चमागची विहीर. ऊठ.
कुणीतरी भिजलेलं मांजर आणलंय दप्तरात.
बस.
लाकडाची वखार. ऊठ.

दुखतं अजून.
पण आता ते एका जागी ठाण मांडून नसतं,
हिच्यासारखंच चढतं, उतरतं.

शेवटच्या थांब्यावर केर्तु नावाची एक मुलगी
रोज उशिरा यायची,
शेतातून पळत, टोपी हातात.
बस निघून गेली असं एकदाही झालं नाही.
हेल्वे पायडलवर उभी आहे,
घाम हनुवटीवरून टपटपतोय,
पाय थरथरतायत,
आणि अजून
ती बसत नाही.